दार्ष्टान्तिक कोणी सांगायचे?
मराठी कथा-कादंबरीतील लाक्षणिक भाषेच्या वाचनाचा आढावा

प्रश्नाचे स्वरूप

एका कथेत विहीर आहे, असे समजू. सुरुवातीला ती उन्हाळ्यात आटते. काही पानांनी 'घरातलं बोलणं आटलं' असे वाक्य येते. शेवटी भावांच्या वाटण्या होतात आणि ती विहीर बुजवली जाते. पहिल्या ठिकाणी विहिरीचे आटणे ही साधी वस्तुस्थिती आहे. दुसऱ्या ठिकाणी तेच क्रियापद माणसांच्या नात्याला लावले आहे. तिसऱ्या ठिकाणी विहीर पुन्हा खरीखुरी विहीरच आहे, पण मधल्या वाक्यामुळे ती एका कुटुंबाच्या मोडण्याची खूणही झाली आहे. हे उदाहरण समजावण्यापुरते रचलेले असले, तरी या लेखाचा विषय असलेला प्रश्न त्यात दिसतो. दुसऱ्या ठिकाणचे रूपक शाळकरी मुलालाही ओळखता येते. तिसऱ्या ठिकाणचा अर्थ मात्र लेखकाने ठेवला, की वाचकाने घातला? आणि तो बरोबर आहे हे कशावरून ठरवायचे?

या प्रांतातल्या संज्ञा आधी वेगळ्या केलेल्या बऱ्या. उपमेत दोन गोष्टींतले साम्य उघडपणे सांगितलेले असते, रूपकात त्यांचा अभेद मानलेला असतो. लक्षणेत शब्दाचा नेहमीचा अर्थ जुळत नाही, म्हणून त्याच्याशी संबंध असलेला दुसरा अर्थ घेतला जातो. प्रतिमा म्हणजे अनुभव इंद्रियांना जाणवेल अशा रूपात उभा करणारी भाषा. तीच प्रतिमा कथनात पुन्हा पुन्हा येऊन स्वतःपलीकडच्या अर्थाचा भार घेऊ लागली की तिला प्रतीक म्हणतात. रूपककथेत सगळी गोष्टच दुसऱ्या एका आशयाला समांतर चालते. उपरोधात निवेदक म्हणतो एक आणि वाचकाने घ्यायचे असते दुसरेच. मराठी समीक्षेत या संज्ञांच्या सीमा नेहमीच काटेकोर पाळल्या गेलेल्या नाहीत. चर्चेतला काही गोंधळ तिथूनच आलेला आहे.

आढाव्यासाठी अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्हा मध्यभागी ठेवला आहे. नेवासे, श्रीगोंदे, अकोले, संगमनेर या गावांशी निगडित असलेले लेखन एका ओळीत मांडले, तर या प्रश्नाचे जवळजवळ सगळे टप्पे समोर येतात.

प्रवरा-गोदेच्या काठची परंपरा

प्रवरेकाठच्या नेवाशात शके १२१२ मध्ये, म्हणजे इ. स. १२९० मध्ये, ज्ञानेश्वरांनी 'भावार्थदीपिका' सांगितली. गीतेच्या सातशे श्लोकांवरची ही टीका सुमारे नऊ हजार ओव्यांची झाली, त्याचे एक मोठे कारण तिच्यातले दृष्टान्त आणि उपमांच्या माळा हे आहे. एकच मुद्दा पटवण्यासाठी ज्ञानेश्वर शेत, बाजार, स्वयंपाकघर, पाणी, सोने, दिवा अशा ठिकठिकाणच्या अनुभवांतून एकामागून एक दाखले आणतात. इथे अलंकार ही शोभेची भर नसते. विचार श्रोत्यापर्यंत पोचतो तो त्यातूनच.

त्याच काळातल्या महानुभाव परंपरेत कथनाचे दुसरे रूप घडले. चक्रधरांनी निरूपणात सांगितलेले दृष्टान्त केशिराजबासांनी 'दृष्टान्तपाठा'त एकत्र केले. त्यात ११४ दृष्टान्त आहेत. प्रत्येकाची रचना तीन पायऱ्यांची आहे: आधी सूत्र, मग दृष्टान्त म्हणजे छोटी गोष्ट, आणि शेवटी दार्ष्टान्तिक, म्हणजे ती गोष्ट कशाला लागू करायची याचा उलगडा. हत्ती आणि आंधळ्यांची गोष्ट त्यात आहे आणि ती कशासाठी सांगितली तेही त्यात आहे. गोष्ट ऐकणाऱ्याने तिचा भलताच अर्थ घेऊ नये, याची सोय रचनेतच केलेली आहे.

पुढची काही शतके हीच सोय निरनिराळ्या रूपांत चालू राहिली. शेवगाव तालुक्याच्या पलीकडे गोदेकाठी पैठण लागते. तिथल्या एकनाथांच्या भारुडांत वासुदेव, जोशी, गोंधळी अशी सोंगे येतात आणि अखेरच्या चरणांत परमार्थाची किल्ली हाती दिली जाते. श्रीगोंद्याचे शेख महंमद यांच्या सतराव्या शतकातल्या 'योगसंग्रामा'त साधकाची आतली झुंज युद्धाच्या रूपात मांडली आहे. तिथेही कोणते शस्त्र कशाचे, कोणता शत्रू कोण, हे सांगितलेले असते. राहुरी तालुक्यातल्या ताहाराबादचे महिपती यांनी 'भक्तविजया'त (१७६२) संतचरित्रे गोष्टीरूपाने सांगितली. त्यांतही तात्पर्य बहुधा गोष्टीला लागूनच येते.

म्हणजे मराठी श्रोत्याला लाक्षणिक कथनाची सवय फार जुनी आहे. मात्र ही सवय दार्ष्टान्तिकासकट वाचण्याची होती. आधुनिक कथा-कादंबरीने ही तिसरी पायरी हळूहळू काढून टाकली. ती आता कोणी भरायची, हा आजच्या वादाचा गाभा आहे.

छापील गद्याने केलेला बदल

इंग्रज लेखक जॉन बन्यन याची १६७८ मधली प्रसिद्ध रूपककथा हरी केशवजी यांनी 'यात्रिकक्रमण' या नावाने १८४१ मध्ये मराठीत आणली. त्या आधीच, १८३१ मध्ये, अमेरिकन मराठी मिशनचे काम नगरमध्ये सुरू झाले होते आणि १८४२ मध्ये 'ज्ञानोदय' हे नियतकालिक नगरहूनच निघाले. मिशनऱ्यांच्या या गद्यात दार्ष्टान्तिक पात्रांच्या आणि स्थळांच्या नावांतच दडलेले असे. नाव वाचले की अर्थ कळला.

बाबा पदमनजी यांच्या 'यमुनापर्यटना'ने (१८५७) वेगळी वाट धरली. यमुनेच्या प्रवासात भेटणाऱ्या विधवा कोणत्याही अमूर्त कल्पनेच्या जागी उभ्या नाहीत. त्या समाजात प्रत्यक्ष असलेल्या स्त्रियांच्या प्रतिनिधी आहेत. हा फरक पुढे महत्त्वाचा ठरला. लक्ष्मणशास्त्री हळबे यांची 'मुक्तामाला' (१८६१) आणि तिच्या वळणावरच्या अद्भुत कादंबऱ्यांनी अलंकृत वर्णनांचा मार्ग चालवला. हरी नारायण आपटे यांच्या 'पण लक्षात कोण घेतो?' मध्ये घरगुती बोलीतले आत्मनिवेदन पुढे आले. १९०२ मध्ये वि. का. राजवाडे यांनी 'कादंबरी' या निबंधात अद्भुत आणि वास्तव या दोन वळणांची चर्चा केली. विसाव्या शतकात शिरताना मराठी गद्यकथनापुढे दोन्ही रस्ते मोकळे होते. एकात भाषा सजलेली होती, दुसऱ्यात ती बोलण्याजवळ होती. दुसऱ्या रस्त्यावर लाक्षणिकता नव्हती असे नाही. ती वाक्यातून निघून रचनेत गेली होती, एवढेच.

शास्त्राकडून मिळालेली हत्यारे

संस्कृत काव्यशास्त्राचा सर्वांत परिचित भाग म्हणजे अलंकारांची यादी. भरताच्या 'नाट्यशास्त्रा'त उपमा, रूपक, दीपक आणि यमक असे चारच अलंकार आहेत. पुढच्या शास्त्रकारांनी ही संख्या कितीतरी पटींनी वाढवली. ही यादी पद्यासाठी आहे, गद्यकथनाला ती अपुरी पडते, असा आक्षेप वारंवार घेतला जातो. यादीपुरता तो खराही आहे. पण काव्यशास्त्र म्हणजे ही यादी नव्हे. अभिधा, लक्षणा आणि व्यंजना या शब्दशक्तींचा विचार गद्यालाही तितकाच लागू पडतो. नवव्या शतकातल्या आनंदवर्धनाने ध्वनीचा विचार शब्दापासून संपूर्ण प्रबंधापर्यंत नेला आणि समग्र महाभारतातून शांतरस सूचित होतो असे प्रतिपादन केले. कुंतकाने वक्रोक्तीच्या पायऱ्या सांगताना वर्णापासून सुरुवात करून प्रकरण आणि प्रबंध या पातळ्या गाठल्या. संबंध कथेच्या रचनेतून अर्थ सुचतो, ही कल्पना आपल्याकडे नवी नाही. रा. श्री. जोग यांचा 'अभिनव काव्यप्रकाश' आणि ग. त्र्यं. देशपांडे यांचे 'भारतीय साहित्यशास्त्र' या ग्रंथांनी हा विचार मराठी वाचकाच्या आटोक्यात आणला.

पाश्चात्त्य विचारातून आलेल्या चार सूत्रांचा इथे उपयोग होतो. आय. ए. रिचर्ड्स यांनी १९३६ मध्ये रूपकाचे दोन घटक मानले: ज्याविषयी बोलायचे तो आशय, आणि ज्याच्या आधाराने बोलायचे ते वाहन. दोघांच्या परस्परक्रियेतून अर्थ निपजतो, असे त्यांचे म्हणणे होते. रोमान याकोबसन यांनी १९५६ मध्ये भाषेचे दोन ध्रुव मांडले: एक साम्यावर चालणारा, दुसरा सान्निध्यावर चालणारा. वास्तववादी कथन दुसऱ्या ध्रुवाकडे झुकते, हे सांगताना त्यांनी टॉलस्टॉयच्या 'अ‍ॅना कॅरेनिना'तल्या आत्महत्येच्या प्रसंगी नायिकेच्या हातातल्या पिशवीकडे लक्ष वेधले. डोनाल्ड डेव्हिडसन यांनी १९७८ मध्ये टोकाची भूमिका घेतली. रूपकाला शब्दशः अर्थाखेरीज वेगळा असा दडलेला अर्थ नसतोच, ते फक्त आपल्याला काहीतरी पाहायला लावते, असे ते म्हणाले. जॉर्ज लेकॉफ आणि मार्क जॉन्सन यांनी १९८० मध्ये रूपक साहित्यातून काढून रोजच्या विचारात आणून ठेवले.

याकोबसन यांचे सूत्र मराठी कादंबरीला लावले की काय दिसते, याचे एक चांगले उदाहरण याच जिल्ह्यात आहे. संगमनेर महाविद्यालयात भौतिकशास्त्राचे प्राध्यापक राहिलेले रंगनाथ पठारे यांच्या 'ताम्रपट' (१९९४) या कादंबरीला १९९९ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. स्वातंत्र्याच्या पंचविसाव्या वर्षी, १९७२ मध्ये, स्वातंत्र्यसैनिकांना ताम्रपट देण्यात आले. कादंबरीच्या शीर्षकातला ताम्रपट कशासारखा आहे, असे विचारून काही हाती लागत नाही. तो कशाच्या शेजारी आहे, हे विचारावे लागते. लढा, त्यानंतरचे राजकारण, सत्ता आणि संस्था यांच्या शेजारी ठेवल्यावर तो धातूचा तुकडा बोलू लागतो. याच लेखकाच्या 'दुःखाचे श्वापद' या शीर्षकात मात्र सरळ रूपक आहे. एकाच लेखकाच्या दोन शीर्षकांत दोन्ही ध्रुव सापडतात.

पाच भूमिका

पहिली भूमिका अलंकाराला आशयाचा वाहक मानते. तिचे सर्वांत प्रभावी मराठी प्रतिनिधी वि. स. खांडेकर. त्यांनी रूपककथा हा प्रकार मराठीत रुजवला. 'कलिका'सारख्या संग्रहांत फुले, तारे, नद्या माणसांच्या मूल्यांविषयी बोलतात. 'ययाति'त (१९५९) पुराणकथा आधुनिक माणसाच्या भोगलालसेचा आरसा होते आणि त्यामागची दृष्टी लेखकाने स्वतः सविस्तर मांडलेली आहे. इथे दार्ष्टान्तिक पूर्णपणे गेलेले नाही. ते निवेदनात किंवा प्रस्तावनेत भेटते. या शैलीवर कृत्रिमतेचा आक्षेप घेतला गेला. तिच्या बाजूने असे म्हणता येते की पहिल्यांदाच कथा-कादंबरी वाचू लागलेल्या मोठ्या वर्गाला लाक्षणिक वाचनाची दीक्षा याच लेखनाने दिली.

दुसरी भूमिका प्रतिमेला अनुभवाचाच घटक मानते. बा. सी. मर्ढेकर यांनी 'भावनानिष्ठ समतानता' ही कल्पना मांडली: दोन गोष्टी डोळ्यांना सारख्या दिसतात म्हणून नव्हे, तर त्या एकच भाव जागवतात म्हणून काव्यप्रतिमेत एकत्र येतात. हा विचार कवितेच्या संदर्भातला होता, पण गंगाधर गाडगीळ, अरविंद गोखले, पु. भा. भावे यांच्या नवकथेने तो गद्यात अनुभवायला लावला. घटनेची जागा मनःस्थितीने घेतली आणि मनःस्थिती प्रतिमांतून उभी राहू लागली. पुढे चिं. त्र्यं. खानोलकर, कमल देसाई आणि विलास सारंग यांनी प्रतीकांना कथनाच्या केंद्रस्थानी आणले. जी. ए. कुलकर्णी यांच्याकडे हा प्रवाह सर्वांत खोल झाला. 'रमलखुणा'तल्या 'प्रवासी' आणि 'इस्किलार' या दीर्घकथांत रूपककथेचा सगळा साज आहे: अनोळखी प्रदेश, प्रवास, भाकिते, भेटणारी माणसे. फक्त किल्ली नाही. त्यामुळे या कथांना रूपककथा म्हणावे की प्रतीककथा, यावर समीक्षकांत एकमत नाही. रूपककथा म्हणणारे त्यांतल्या नियतीविषयक चिंतनाकडे बोट दाखवतात. प्रतीककथा म्हणणाऱ्यांच्या मते एक ठाम अर्थ लावला की कथेचा बराच भाग त्याच्या बाहेर उरतो.

तिसरी भूमिका साध्या भाषेची. व्यंकटेश माडगूळकर यांच्या 'बनगरवाडी'त (१९५५) माणदेशातला दुष्काळ कशाचेही प्रतीक होण्याआधी दुष्काळ आहे. भालचंद्र नेमाडे यांनी काही काळ नगरच्या महाविद्यालयात अध्यापन केले होते. त्यांच्या 'कोसला'ने (१९६३) बोलण्याच्या लयीत चालणारे, अलंकृत गद्याची टर उडवणारे निवेदन आणले. पुढे देशीवादाच्या मांडणीत साहित्याची मुळे आपल्या भूमीत आणि भाषाव्यवहारात शोधण्याचा आग्रह आला. पण साधी भाषा म्हणजे लाक्षणिकतेचा अभाव नव्हे, हे 'कोसला'च दाखवते. तिचे शीर्षकच कोशाची प्रतिमा आहे आणि तिचा बराच अर्थ उपरोधातून येतो. धाकट्या बहिणीच्या, मनूच्या, मृत्यूनंतरचा शोक जिथे सर्वांत कमी सांगितला आहे तिथे तो सर्वांत जास्त जाणवतो. असा कादंबरीभर चालणारा उपरोध अलंकारांच्या कोणत्याच खणात बसत नाही. व्याजस्तुती किंवा व्याजोक्ती एका वाक्यापुरत्या असतात, इथे अख्खा निवेदकच तिरका आहे.

चौथी भूमिका विचारते की प्रतिमा कोणाच्या जगण्यातून आली. बाबुराव बागुल यांच्या 'जेव्हा मी जात चोरली होती' (१९६३) या शीर्षककथेत जात लपवून खोली भाड्याने घेणाऱ्या माणसाची गोष्ट आहे. त्याच्या वाट्याला आलेली 'चोरी' ही समाजाने केलेल्या चोरीवर प्रकाश टाकते. शीर्षकातच उपरोध आहे. अकोले तालुक्यातल्या धामणगावचे दया पवार यांच्या 'बलुतं'मध्ये (१९७८) दगडू मारुती पवार आपली कहाणी लेखक झालेल्या दुसऱ्या 'स्व'ला सांगतो. हे आत्मकथन आहे. पण सांगणारा आणि ऐकणारा असे एका माणसाचे दोन भाग करणे ही कथात्म साहित्याची युक्ती आहे, आणि तिच्याशिवाय गाव व शहर, जुने नाव व नवे नाव यांच्यातली तेढ दाखवता आली नसती. गावकामाच्या बदल्यात मिळणारा धान्याचा वाटा म्हणजे बलुते. शीर्षकात तो वारशाने आलेल्या दुःखाचाही वाटा होतो. शरणकुमार लिंबाळे यांनी 'दलित साहित्याचे सौंदर्यशास्त्र' (१९९६) मध्ये या साहित्याला रूढ सौंदर्यकल्पनांची मापे लावण्यास नकार दिला. या भूमिकेवर असा प्रतिप्रश्न येतो की अनुभवाच्या सच्चेपणावर भर देता देता लेखकाच्या कारागिरीकडे दुर्लक्ष होते का. लिंबाळे यांच्या बाजूचे वाचक म्हणतात की कारागिरी आहेच, ती ओळखण्याची मापे बदलायला हवीत.

पाचवी भूमिका भाषाविज्ञानाची. तिच्या मते लाक्षणिकता साहित्यात सुरू होत नाही. 'माया आटली', 'पाझर फुटला', 'नात्यात ओलावा राहिला नाही', 'कोरडेपणाने वागला' या प्रयोगांत मराठी भाषक प्रेमाचा विचार पाण्याच्या रूपात करतो. पर्जन्यछायेतल्या पाथर्डी-जामखेडच्या वाचकाला हे सांगावे लागत नाही. लक्षणाही रोजच्या कामात असते. ऊसतोडीच्या व्यवहारात 'कोयता' म्हणजे तोडणीला जाणारे नवरा-बायकोचे जोडपे, एकटा मजूर म्हणजे 'अर्धा कोयता'. हत्याराने माणसांची जागा घेतली, आणि मुकादमाने दिलेली उचल माणसांवर नव्हे तर कोयत्यांवर मोजली जाते. कादंबरीकार जेव्हा हा शब्द वापरतो, तेव्हा तो अलंकार घडवत नसतो. समाजाने आधीच घडवलेली लक्षणा फक्त आपल्या नजरेस आणून देतो. या भूमिकेची मर्यादा अशी की एखादा विशिष्ट लेखक रूढ रूपक मोडतो, तेव्हा नेमके काय घडते, हे सांगायला तिला पुन्हा साहित्यविचाराकडेच वळावे लागते.

वर्ग आणि परीक्षा

बहुतेक मराठी वाचकांची या विषयाशी पहिली भेट वर्गात होते. मो. रा. वाळंबे यांच्या 'सुगम मराठी व्याकरण लेखना'सारख्या पुस्तकांतून अलंकारांच्या व्याख्या आणि उदाहरणे शिकली जातात, आणि स्पर्धा परीक्षांत अलंकार ओळखण्याचे प्रश्न येतात. उदाहरणे बहुतांशी पद्यातली असतात. २०२० पासून लागू झालेल्या बारावीच्या 'युवकभारती'त व्याकरण विभागात अनन्वय, अपन्हुती, अर्थान्तरन्यास आणि अतिशयोक्ती हे अलंकार आहेत. त्याच पुस्तकात 'कथा' या साहित्यप्रकाराचा स्वतंत्र विभाग असून त्यात व. पु. काळे यांची 'शोध' आणि प्रतिमा इंगोले यांची 'गढी' या कथा आहेत. एकीकडे अलंकार, दुसरीकडे कथानक, पात्रे, वातावरण, संवाद. 'गढी'तली गढी ही केवळ वास्तू आहे की गावाच्या अवस्थेची खूण, हा प्रश्न या दोन विभागांच्या मधल्या जागेत पडतो. चांगला शिक्षक ती जागा भरून काढतो. पण ती भरण्याची रीत पुस्तकाच्या मांडणीत ठरलेली नाही.

यावर दोन मते आहेत. एका मताप्रमाणे आधी नावे पक्की व्हावीत. संज्ञा असल्याशिवाय मुलाला आपल्याला काय जाणवले ते बोलता येत नाही. दुसऱ्या मताप्रमाणे नाव हाती आले की शोध थांबतो. 'इथे चेतनगुणोक्ती आहे' असे लिहून गुण मिळतात, पण ती नसती तर वाक्याचे काय झाले असते याचा विचार होत नाही. तिसरी अडचण व्यावहारिक आहे. एकापेक्षा अधिक अर्थ संभवणाऱ्या उत्तराला गुण कसे द्यायचे? मार्गदर्शक पुस्तकांनी हा प्रश्न आपल्या पद्धतीने सोडवला आहे. त्यांत प्रतीकाचा अर्थ छापून मिळतो. कथाकाराने काढून टाकलेले दार्ष्टान्तिक तिथे परत येते.

अनिर्णित राहिलेले मुद्दे

पहिला मुद्दा अर्थाच्या मर्यादेचा. जी. एं.ची पत्रे अनेक खंडांत प्रसिद्ध झाली आहेत आणि कथांचा अर्थ त्यांत शोधणारे वाचक आहेत. लेखकाचा शब्द हा पुरावा मानायचा की फक्त आणखी एका वाचकाचे मत? ध्वनिविचाराची परंपरा सहृदय वाचकाला महत्त्व देते, पण सहृदय कोणाला म्हणायचे, हे पुन्हा वादाचेच राहते. व्यवहारात बहुतेक समीक्षक एक मधली कसोटी वापरतात: सुचवलेला अर्थ संहितेतल्या किती जागांचा उलगडा करतो आणि किती जागांशी भांडतो. ही कसोटी उपयोगी आहे. पण एकाच संहितेचे दोन परस्परविरोधी अर्थ या कसोटीवर सारखेच उतरले, तर काय करायचे, याचे उत्तर तिच्याकडे नाही.

दुसरा मुद्दा हरवत चाललेल्या वस्तुज्ञानाचा. म. वा. धोंड यांनी 'ज्ञानेश्वरीतील लौकिक सृष्टी'त दाखवले की ज्ञानेश्वरांच्या अनेक उपमा त्या काळातले धंदे, वस्तू आणि रीती कळल्याशिवाय उलगडत नाहीत. आता तीच वेळ विसाव्या शतकातल्या साहित्यावर येत आहे. १९५८ च्या कायद्याने कनिष्ठ गावकामगारांची वतने रद्द झाली, पुढे बलुतेदारी विरत गेली, मोट गेली. 'बलुतं' हे शीर्षक वाचणाऱ्या आजच्या विद्यार्थ्याला मूळ वस्तूच माहीत नसेल, तर तो थेट लाक्षणिक अर्थावर उडी मारतो. पहिली पायरी नसताना मारलेली ही उडी कितपत खरी? टीपा द्याव्यात, असे काहींना वाटते. टीपेने माहिती मिळते, पण वस्तूशी असलेला सराव मिळत नाही, असे इतर म्हणतात.

तिसरा मुद्दा मेलेल्या रूपकांचा. 'कोयता' हा शब्द पाथर्डीच्या मजुराला लाक्षणिक वाटत नाही, पुण्याच्या वाचकाला वाटतो. मग कादंबरीतले ते वाक्य लाक्षणिक आहे की नाही? लाक्षणिकता शब्दात असते की वाचकाच्या अपरिचयात, हा प्रश्न बोलींतून लिहिल्या जाणाऱ्या आजच्या कादंबरीसाठी महत्त्वाचा आहे. शहरी वाचक जिथे प्रतिमेचे कौतुक करतो, तिथे लेखकाने नुसती गावातली नेहमीची भाषा लिहिलेली असू शकते.

चौथा मुद्दा संज्ञांचा. रूपक, प्रतिमा आणि प्रतीक हे शब्द एकमेकांच्या जागी वापरले जातात. अलंकारशास्त्रातले रूपक आणि पाश्चात्त्य विचारातून आलेले रूपक यांची व्याप्ती सारखी नाही. सुधीर रसाळ यांच्या 'कविता आणि प्रतिमा'सारख्या अभ्यासाने कवितेपुरती शिस्त आणली. कथात्म गद्यासाठी, विशेषतः उपरोध, निवेदकाची विश्वासार्हता आणि प्रतीकाची पुनरावृत्ती यांच्यासाठी, सर्वांना मान्य होईल अशी परिभाषा अजून स्थिरावलेली नाही.

चर्चा कुठे उभी आहे

काही बाबतीत आज बरेच एकमत दिसते. अलंकाराचे नाव सांगणे म्हणजे वाचन नव्हे. कथा-कादंबरीतली लाक्षणिकता एका वाक्यात संपत नाही, ती शीर्षक, निवेदक, पुनरावृत्ती आणि रचना यांतून चालते. साधी भाषा म्हणजे लक्षणाशून्य भाषा नव्हे. आणि प्रतिमा समजण्यासाठी ती ज्या जगण्यातून आली त्याची ओळख लागते. जुनी परंपरा आणि नवे सिद्धान्त यांचा या मुद्द्यांवर विरोध नाही. प्रबंधध्वनी, प्रबंधवक्रता आणि सान्निध्याचा ध्रुव या तिन्ही कल्पना वेगवेगळ्या वाटांनी संपूर्ण कथनाकडेच बोट दाखवतात.

मतभेद उरतो तो दार्ष्टान्तिकाच्या मालकीविषयी. पहिली भूमिका ते लेखकाकडे ठेवते, दुसरी ते मोकळे सोडते, तिसरी त्याच्या गरजेविषयीच साशंक आहे, चौथी ते ज्यांनी सोसले त्यांच्याकडे मागते आणि पाचवी ते सगळ्यांच्या भाषेत आधीच असल्याचे सांगते. प्रत्येकीला साजेसे साहित्य आहे आणि प्रत्येकीला न पेलणारेही आहे. खांडेकरांची रूपककथा किल्लीशिवाय वाचणे जितके व्यर्थ, तितकेच 'इस्किलार' किल्लीने उघडू पाहणे. म्हणून एखादी कृती आपले दार्ष्टान्तिक कुठे ठेवते, हे आधी पाहणे आणि मग वाचनाची रीत निवडणे, हा क्रम वर्गात आणि समीक्षेत दोन्हीकडे उपयोगाचा ठरेल. त्यासाठी सिद्धान्तांच्या नव्या भरीपेक्षा एकेका कृतीचे बारकाईने केलेले वाचन अधिक लागेल. 'ताम्रपट', 'बलुतं' आणि 'कोसला' यांच्यापासून ते सुरू करता येईल.